चौथी गती

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेला की अमेरिकेतल्या आमच्या मिशिगन राज्यात मोटारींचा शौक असणाऱ्या घरांतून एका जुन्या वादाला पुन्हा तोंड फुटते. घरी दोन आसनांची, बुटकी, छत मागे दुमडता येणारी स्पोर्ट्‌स कार असेल, तर ती हिवाळ्यात चालवावी की एप्रिलपर्यंत झाकून ठेवावी? प्रश्न ऐकून पुण्याकडचा वाचक म्हणेल, सुखवस्तू माणसांची दुखणी तरी किती नाजूक असतात पाहा! त्याचे म्हणणे मला मान्य आहे. पण निवृत्तीनंतर मी स्वतः अशी एक गाडी घेतली, जपानी बनावटीची, १९९६ सालची, लाल रंगाची. आणि तेव्हापासून दर वर्षी हा प्रश्न माझ्या दाराशी येऊन बसतो. हळूहळू त्याच्या पोटातला दुसरा प्रश्नही मला दिसू लागला. आवडती वस्तू वापरून झिजवावी की राखून ठेवावी? हा प्रश्न ट्रंकेतल्या पैठणीला विचारता येतो, काचेच्या कपाटातल्या पाहुण्यांच्या कपबश्यांना विचारता येतो, आणि थोडे धैर्य असेल तर स्वतःच्या उरलेल्या वर्षांनाही विचारता येतो.

आधी भांडणाचे मूळ सांगतो. इथे गाडीचे खरे वैर बर्फापेक्षा मिठाशी आहे. रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून हिवाळाभर मिठाच्या मोठमोठ्या गाड्या फिरत असतात. मिठाचे पाणी साध्या पाण्यापेक्षा उशिरा गोठते, एवढ्या साध्या नियमावर ही सारी व्यवस्था उभी आहे. पारा उणे दहा अंशांच्या पलीकडे गेला की मिठाचा जोर ओसरतो, पण तोवर ते आपले काम चोख बजावते. डेट्रॉइट शहराच्या पोटात, सुमारे ११०० फूट खोल, मिठाची प्रचंड खाण आहे; चाळीस कोटी वर्षांपूर्वी इथे जो समुद्र होता त्याचे ते अवशेष. ज्या शहराने जगाला मोटारी दिल्या, त्याच्याच पायाखाली मोटारींचा काळ पुरलेला असावा, याची मला नेहमी गंमत वाटते. ज्या मिठाने आपण कैरीचे लोणचे वर्षभर टिकवतो, तेच मीठ पाण्याबरोबर पत्र्याच्या सांध्यांत शिरले की लोखंड झपाट्याने गंजू लागते. वरून रंग शाबूत दिसतो आणि दारांखालचा पत्रा आतून बिस्किटासारखा ठिसूळ झालेला असतो.

तरीही या मिठाला शिव्या देण्याचा अधिकार मला नाही. त्याच्यामुळेच पहाटे शाळेच्या बसगाड्या धावतात, रुग्णवाहिका वेळेवर पोचते. माझ्या चैनीची वस्तू गंजू नये म्हणून लोकांनी घसरून पडावे, असे कोण म्हणेल? या वादातली पहिली नैतिक गोष्ट इथेच निकालात निघते. स्पोर्ट्‌स कारचे उन्हाळी टायर पारा सात अंशांच्या खाली गेला की कडक होऊ लागतात आणि रस्त्यावरची पकड सोडतात. माझी गाडी हलकी, तिचा जोर मागच्या चाकांवर. असल्या टायरांवर ती बर्फात काढणे म्हणजे स्वतःची हौस दुसऱ्याच्या जिवावर भागवणे. तिथे चर्चा नको. पण हिवाळी टायर बसवले, वेग आवरला, की धोका पुष्कळच उतरतो. मग उरतो तो गंज. आणि गंज हे केवळ माझे नुकसान आहे. खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

झाकून ठेवणाऱ्यांचा पक्ष मोठा आणि शिस्तीचा. गाडी निजवणे हा इथे एक विधीच आहे. आधी तिला स्वच्छ न्हाऊ घालायचे, कोरडी करायची. वापरलेल्या तेलात आम्ले साठतात, म्हणून इंजिनाचे तेल बदलायचे. पेट्रोल महिन्याकाठी शिळे होत जाते, म्हणून टाकी काठोकाठ भरून तीत टिकवणारे औषध घालायचे. बॅटरीला मंद विद्युत्प्रवाह लावून ठेवायचा. टायर एका जागी दबू नयेत म्हणून हवा थोडी अधिक भरायची. हातब्रेक ओढायचा नाही, नाहीतर तो धरून बसतो. आणि उंदरांनी आत घरटे करू नये म्हणून धुराड्याचे तोंड बंद करायचे. मग खोळ. आपल्याकडे देव आषाढी एकादशीला निजतात आणि कार्तिकीला उठतात. इथे तिकडच्या देवांना जाग येण्याच्या सुमारास आम्ही गाड्या निजवतो! आमचा चातुर्मास उलटा, आणि चार महिन्यांवर भागत नाही, कधी कधी सहा होतात.

पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही सारी खटपट सांगते काय? की ठेवलेली वस्तूही झिजते. पैठणी वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिली तर त्या घडीवरच विरते, म्हणून जुन्या बायका ती मधूनमधून काढून उलगडत आणि घडी मोडून ठेवत. मोटारीचेही तसेच. त्यातून काही मायाळू मालक पंधरा दिवसांनी गॅरेजमध्ये जाऊन पाच मिनिटे इंजिन चालू करतात. ‘तेवढेच तिला बरे वाटेल,’ असे म्हणतात. प्रत्यक्षात इंजिन पुरते तापत नाही, जळणातून निघालेली वाफ तेलात आणि धुराड्यात पाणी होऊन साचते, आणि गंजाला घरातच पाय फुटतात. पुरते वापरावे किंवा पुरती विश्रांती द्यावी. या अर्धवट मायेने नुकसानच होते. माणसांच्या बाबतीतही हे मला थोडेसे खरे वाटत आले आहे.

राखून ठेवण्याचा कळस पाहायचा असेल तर टल्सा शहराची हकिकत ऐकावी. ओक्लाहोमा राज्याला पन्नास वर्षे झाली म्हणून १९५७ सालच्या जूनमध्ये तिथल्या न्यायालयापुढच्या हिरवळीखाली काँक्रीटच्या तळघरात एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्वेडीर मोटार पुरण्यात आली. तळघर अणुबाँबलाही दाद देणार नाही असे बांधले होते. पन्नास वर्षांनी पेट्रोल मिळेल न मिळेल म्हणून तेही सोबत ठेवले. २००७ साली शहराची लोकसंख्या किती असेल याचा जो सर्वांत जवळचा अंदाज करील त्याला ही गाडी मिळायची होती. २००७ च्या जूनमध्ये मोठा जलसा झाला, तळघर उघडले. आत पाणी शिरले होते. गाडी गंजाचा सांगाडा होऊन बसली होती. आणि अंदाज जिंकलेला माणूस कित्येक वर्षांपूर्वीच वारला होता! बाँबची भीती बाळगली, पेट्रोलची काळजी घेतली; पाण्याचा आणि माणसाच्या आयुष्याचा मात्र हिशेब चुकला.

भर्तृहरीने धनाच्या तीन गती सांगितल्या आहेत: दान, भोग आणि नाश. जो देत नाही आणि भोगतही नाही, त्याच्या वाट्याला तिसरी येते. आपण मध्यमवर्गीय माणसे मनातून या यादीत एक चौथी गती घालून बसलेलो असतो. तिचे नाव जतन. आपल्याला वाटते, दान केले नाही, भोगही घेतला नाही, तरी वस्तू नीट ठेवली म्हणजे नाशही टळला. टल्साची मोटार या चौथ्या गतीवर विश्वास ठेवूनच जमिनीत गेली होती.

मग माझे शेजारी म्हणतात ते बरोबर म्हणायचे का? ते आपली स्पोर्ट्‌स कार बारा महिने चालवतात. हिवाळी टायर, अंगावर जाड कोट, आणि आठवड्यातून एकदा गाडीच्या पोटाखालून पाण्याचा फवारा. मी खोळ चढवू लागलो की कुंपणापलीकडून म्हणतात, “१९६८ साली जानेवारीतली माँटे कार्लोची शर्यत पोर्शे ९११ नेच जिंकली ना? मग बर्फाला भ्यायचे कशाला?” त्यांच्या गाडीच्या दाराखाली नाण्याएवढी भोके आहेत. पण बर्फाने झाकलेल्या पाइन वृक्षांमधून, निर्मनुष्य रस्त्याने, हीटर पायांवर सोडून जाण्याचे जे वर्णन ते करतात, ते ऐकताना मला माझ्या निष्कलंक पत्र्याचा पुरेसा अभिमान वाटत नाही, हे खरे.

त्यातच माझा हिशेब वेगळा. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. डॉक्टर म्हणतात, डोळे आणखी दहा वर्षे गाडी चालवू देतील. पण गाडी वर्षातून सहा महिने खोळीत राहिली, तर त्या दहाची पाचच होतात. ज्या वयात वर्षे मोजावीशी वाटत नाहीत, त्या वयात ती अर्धी करून ठेवणे हे कसले शहाणपण? ही गोष्ट पत्नीजवळ बोललो, तेव्हा ती म्हणाली, “मग उन्हाळ्यात तरी तुम्ही कुठे रोज काढता? ढग दिसले की नको, वाण्याकडे जायचे तर नको, टपालात जायचे तर नको. हिवाळ्याला का दोष देता?”

या बोलण्यावर मी पुष्कळ विचार केला. जपणे आणि लांबणीवर टाकणे यांची खोळ एकाच कापडाची असते, त्यामुळे बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. त्यांतला भेद ओळखायची एक खूण मला सापडली आहे. ज्या ठेवण्याला उघडण्याची तिथी असते, ते जपणे. ज्याला फक्त ‘चांगला प्रसंग’ असतो, ते लांबणीवर टाकणे. कारण चांगला प्रसंग नेहमी उद्याच असतो. देवांच्या निजेचे सौंदर्य त्यांच्या कार्तिकीत आहे. उठण्याची तिथी ठरलेली असते म्हणूनच त्या निजेचा भक्ताला धाक वाटत नाही.

म्हणून मी गाडी अजूनही झाकतो. पण रस्त्यावर पहिले मीठ पडेपर्यंत झाकत नाही, मग पंचांग काहीही म्हणो. आणि एप्रिलातल्या दोनचार दमदार पावसांनी मीठ धुऊन गेले की एक दिवसही थांबत नाही. मधल्या काळात तिला कसलेच सोवळे नाही. दूध आणायला तीच, टपालाला तीच, पावसातही तीच. शेजाऱ्यांनी बोलावले की हिवाळ्यात एखाद्या रविवारी मी त्यांच्या शेजारच्या आसनावर जाऊन बसतो. भोग घ्यायला प्रत्येक वेळी मालकी लागते असे नाही.

राहता राहिले दान. नात सोळा वर्षांची झाली. हाताने गिअर बदलायची गाडी आता इथल्या फार थोड्या मुलांना येते. या वसंतापासून मी तिला शिकवतो आहे, त्याच लाल गाडीवर. तिचा पाय अजून क्लचवर स्थिर होत नाही. गिअर असा खरखरतो की माझ्या दातांतून कळ जाते. एका उन्हाळ्यात क्लच जेवढा झिजला तेवढा मागच्या पाच हिवाळ्यांच्या मिठाने पत्राही झिजला नसता. पण नातीने पहिल्यांदा झटका न देता गाडी चढावर नेली, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले नाही, रस्त्याकडे पाहिले. मला तेवढे पुरे झाले. क्लच नवा बसवता येतो. येत्या एप्रिलात बसवीन.