धर्माची शिकवण आणि स्वतःचे नियम

माणसाने कशाच्या आधारावर जगावे? धर्माने दिलेल्या आज्ञांच्या, की स्वतः विचार करून ठरविलेल्या नियमांच्या? आपल्या समाजात हा प्रश्न सहसा उघडपणे विचारला जात नाही. विचारलाच, तर उत्तरे आधीपासून तयार असतात. एक गट म्हणतो, इस्लाम ही परिपूर्ण जीवनपद्धती आहे, मग वेगळे नियम हवेत कशाला? दुसरा गट म्हणतो, माणूस चांगला असला म्हणजे झाले, धर्म ज्याचा त्याचा. दोन्ही उत्तरे ऐकायला सोपी आहेत. प्रत्यक्ष वागण्याची वेळ येते तेव्हा मात्र दोन्ही अपुरी पडतात, असे माझे मत आहे.

मी घाटकोपर परिसरात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. मुले-मुली सतत विचारत असतात, हे हलाल की हराम? नेलपॉलिश लावून वजू होते का? वाढदिवसाचा केक कापावा का? भिंतीवर फोटो लावलेला चालतो का? प्रश्न प्रामाणिक असतात आणि त्यांची उत्तरेही दिली पाहिजेत. पण परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात पाहणे हराम आहे का, असे कोणी विचारत नाही. पास संपलेला असताना लोकलने जाणे, वर्गातल्या तोतऱ्या मुलाची नक्कल करणे, आईने किराण्यासाठी दिलेल्या पैशातून सुटे ठेवून घेणे, याविषयीही कोणी फतवा मागत नाही. या गोष्टी धर्माच्या कक्षेत येतात, हेच मुलांना जाणवत नाही. दोष मुलांचा नाही. आपण घराघरांतून धर्म शिकवला तो खाणे, पेहराव आणि इबादत यांच्या यादीच्या रूपात. यादीत जे नाही ते मोकळे, असा समज मग आपोआप होतो.

इस्लामने माणसाच्या स्वतःच्या विवेकाला जागा दिली आहे की नाही? माझ्या वाचनाप्रमाणे भरपूर दिली आहे. हजरत मुआज बिन जबल यांना येमेनला पाठविताना हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी विचारले की, निवाडा कशाच्या आधारे करशील? कुराण, मग सुन्नत, आणि दोन्हींत स्पष्ट उत्तर न मिळाल्यास स्वतःचा विचार, असे त्यांनी सांगितले आणि पैगंबरांनी ते पसंत केले, ही रिवायत प्रसिद्ध आहे. हजरत वाबिसा यांनी नेकी आणि गुनाह यांतला फरक विचारला तेव्हा, लोक काहीही फतवा देवोत, आधी आपल्या मनाला विचार, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. हजरत उमर (र.) यांच्या काळात, सुमारे 639 साली, अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. त्या वर्षी त्यांनी भुकेपोटी चोरी करणाऱ्याचा हात तोडण्याची शिक्षा अमलात आणली नाही, असे इतिहास सांगतो. आज्ञा तीच होती, पण ती कोणत्या परिस्थितीत कोणाला लागू करायची, याचा विचार माणसालाच करावा लागला.

एखादी गोष्ट अल्लाहने सांगितली म्हणून चांगली, की ती चांगली आहे म्हणून अल्लाहने सांगितली? हा वाद ग्रीक तत्त्वज्ञांनी घातला, तसा आपल्या विद्वानांनीही घातला. चांगले-वाईट बुद्धीला कळू शकते, असे मुअतझिला पंथाचे म्हणणे होते. ते शरीयतनेच ठरते, असे अशअरी विचारवंतांचे मत. समरकंदचे इमाम मातुरीदी यांनी मधली वाट धरली. भारतातील बहुसंख्य हनफी मुसलमान अकीद्याच्या बाबतीत याच मधल्या वाटेचे वारसदार आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

इतके दूर जायला नको. आपल्या मुंबईत कोकणी मुसलमान शाफई आहेत आणि उत्तरेकडून आलेले बहुतेक हनफी. कोकणी घरात चिंबोरीचे कालवण आवडीने होते, हनफी शेजारी खेकडा खात नाही. असरची वेळही दोघांची वेगळी. तरी एकमेकांच्या ईमानाबद्दल कोणी शंका घेत नाही. एकाच धर्माच्या शिकवणुकीत दोन प्रामाणिक मते शेजारी शेजारी नांदू शकतात, हे आपण स्वयंपाकघरात मान्य केले आहे. विचारांच्या बाबतीत मान्य करायला मात्र आपण कचरतो.

या प्रश्नावर महाराष्ट्रात दोन माणसांनी आपले आयुष्य पणाला लावले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई (1932-1977) यांनी 18 एप्रिल 1966 रोजी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला आणि 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाच्या नावातच जोतीराव फुल्यांचे ऋण आहे. 'सार्वजनिक सत्यधर्म' या पुस्तकात फुल्यांनीही सत्य वर्तन कोणाचे, याचे नियम मांडले होते. दलवाईंनी बुद्धी आणि मानवता एवढाच आधार मानला. आपले दफन न करता, कोणतेही धार्मिक विधी न करता दहन करावे, ही त्यांची इच्छा होती. समाजाला ती आजही बोचते.

दुसरे डॉ. असगर अली इंजिनीअर (1939-2013). बोहरा आमिलच्या घरात जन्मलेला हा माणूस मुंबई महापालिकेत अभियंता होता. आपल्याच जमातीतील धर्मगुरूंच्या मनमानीविरुद्ध ते उभे राहिले, बहिष्कार आणि हल्ले सोसले. पण त्यांनी कुराणाचा आधार सोडला नाही. अद्ल, एहसान, रहमत आणि हिकमत, म्हणजे न्याय, भलाई, करुणा आणि शहाणपण ही कुराणाची मूळ मूल्ये आहेत आणि कायदा त्यांच्या प्रकाशात वाचला पाहिजे, असे ते सांगत राहिले.

एकाने धर्माच्या बाहेर उभे राहून बोट दाखविले, दुसऱ्याने आत राहून. एका बैठकीतील तीन तलाक अन्यायकारक आहे, या निष्कर्षावर दोघेही पोहोचले. सर्वोच्च न्यायालयाने तो 22 ऑगस्ट 2017 रोजी रद्दबातल ठरविला, म्हणजे त्या मोर्चानंतर 51 वर्षांनी. तोवर किती स्त्रिया एका शब्दावर घराबाहेर पडल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवला? आपला मार्ग दलवाईंचा की इंजिनीअर यांचा, याचा निर्णय ज्याने त्याने करावा. मी स्वतः नमाज-रोजा पाळणारी आहे, माझे मन दुसऱ्या वाटेकडे झुकते. पण पहिल्या वाटेवरच्या माणसाला नुसते काफर म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. त्याने विचारलेला प्रश्न खरा होता.

आता दुसरी बाजू. स्वतःचे नियम पुरेसे आहेत, असे म्हणणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार करावा. जो नियम मी केला, तो बदलण्याचा अधिकारही माझ्याच हाती राहतो. नियम अडचणीचा झाला की मी त्याला अपवाद जोडते आणि तो अपवाद कोणाला कळतही नाही. धर्माची आज्ञा माझ्या सोयीने बदलता येत नाही. रमजानच्या दुपारी बंद खोलीत पाण्याचा पेला समोर असतो आणि माणूस तो उचलत नाही, कारण पाहणारा आहे, ही त्याची खात्री असते. स्वतःच्या नियमाला असा साक्षीदार मिळाला नाही, तर तो फार काळ टिकत नाही.

आमच्या व्यवसायातलेच उदाहरण घेते. शिक्षकाने खासगी शिकवण्या घेऊ नयेत, असे शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 28 मध्ये म्हटले आहे. पण 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. त्या निकालाबद्दल 2025 मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने शंका व्यक्त केली आहे. ते काहीही असो. अशा शाळेतील शिक्षकाने काय करावे? भविष्य निर्वाह निधीवरचे व्याज घ्यावे की नाही, यावर शिक्षकांमध्ये चर्चा होते, मुफ्तींना विचारले जाते. पण ज्या मुलांना मी वर्गात शिकवते, त्यांनाच संध्याकाळी पैसे घेऊन शिकवावे का, हे मुफ्तींना विचारल्याचे मी ऐकलेले नाही. शिकवणीला येणाऱ्या मुलाकडे वर्गात जास्त लक्ष जाते आणि ज्याचा बाप रिक्षा चालवतो तो मागे राहतो. येथे ना फतवा आहे, ना काही ठिकाणी ते कलम. मी नियम केला आहे की, माझ्या वर्गातल्या मुलाकडून शिकवणीचे पैसे घ्यायचे नाहीत. नियम माझा आहे, पण अमानत हा शब्द मला धर्माने शिकविला.

उलट उदाहरणही आहे. उस्तादाची छडी जिथे लागते तिथे दोजखची आग लागत नाही, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ऐकवले जाते. पालक स्वतः येऊन सांगतात, मॅडम, हड्डी आमची, चमडी तुमची. धर्माच्या नावाने चालत आलेली ही समजूत लहान मुलाच्या अंगावर वळ उठवते. मुलांशी पैगंबर (स.) किती मायेने वागत, नातवंडे सजद्यात पाठीवर चढली तर सजदा कसा लांबवीत, हे आपण मिलादच्या तकरीरीत सांगतो आणि वर्गात विसरतो.

म्हणून धर्म की स्वतःचे नियम, या वादापेक्षा मला एक कसोटी अधिक उपयोगाची वाटते. माझ्या वागण्याच्या दुसऱ्या टोकाला जो दुबळा माणूस आहे, त्याचे त्यातून काय होते? तलाक ऐकणारी बायको, छडी खाणारे मूल, फी न भरू शकणारा विद्यार्थी, घरी कामाला येणारी बाई. एखाद्या मसल्याचा मी लावलेला अर्थ त्यांच्यावर जुलूम करीत असेल, तर तो अर्थ मी पुन्हा तपासला पाहिजे. माझा स्वतःचा नियम मला काहीच तोशीस लावत नसेल, नेहमी माझ्याच फायद्याचा ठरत असेल, तर तोही तपासला पाहिजे.

आपण मुलांना कलमे शिकवितो, दुआ पाठ करून घेतो. त्याबरोबरच प्रत्येकाला एक तरी नियम स्वतः करायला सांगावा आणि तो घरात मोठ्याने सांगायला लावावा. मोठ्यांनीही आपला नियम मुलांना सांगावा, म्हणजे तो मोडला तर विचारणारे कोणीतरी घरात असेल. आखिरतचा हिशेब तर आहेच, पण त्याची तालीम आजच सुरू व्हायला काय हरकत आहे?