करुणा आहे, पण ‘माझं’ नाही (गीता, अध्याय १२, श्लोक १३)



दिवाळीच्या आठवड्यात रोजच्या चिंतनात खंड पडला. आमची ठकी आजारी आहे. ठकी म्हणजे आमची मांजर, वय वर्षं १३. बाराव्या अध्यायातला हा श्लोक मी वसुबारसेला वाचायला घेतला होता. भाऊबीज होऊन गेली तरी मी त्याच्यावरच अडकलेय.

आधी श्लोक बघू. भगवंत इथपासून आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगायला लागतात. पहिलं लक्षण, कुठल्याही जिवाचा द्वेष न करणं. मग मैत्री, मग करुणा. इथवर आपण सगळे माना डोलावतो. पण त्याच दमात पुढचा शब्द येतो ‘निर्मम’. ज्याच्याकडे ‘माझं’ असं काही नाही तो. आणि लगेच ‘निरहंकार’. मला नेहमी वाटायचं, हे दोन वेगळ्या माणसांचं वर्णन असावं. ज्याच्या मनात करुणा आहे त्याला ‘माझं’ वाटणारच ना? आणि ज्याला काहीच माझं वाटत नाही, तो रात्री दोनला उठून मांजराची ओकारी कशाला पुसेल?

माऊली या ठिकाणी पाण्याचा दाखला देतात. पाणी गाईची तहान भागवतं, म्हणून वाघासाठी ते विष होत नाही. आजी हे वाचून हसली होती. म्हणाली, “आणि ही तर वाघाचीच मावशी!” आमचं घर शुद्ध शाकाहारी. १३ वर्षांपूर्वी ठकी आली तेव्हा तिच्या खाण्यावरून घरात बरंच झालं होतं. पण मांजर दूधभातावर जगत नाही, तिच्या शरीराला मांसातलंच लागतं, हे आजीने एकदा समजून घेतलं आणि गॅलरीत ठकीची वेगळी ताटली आली.

तर ठकीच्या दोन्ही किडन्या थकल्यात. म्हाताऱ्या मांजरांमध्ये हा आजार खूप दिसतो. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी रिपोर्ट आले. व्हेटने स्वच्छ सांगितलं की गेलेली किडनी परत येत नाही. पण शरीरात पाणी टिकवलं, मळमळ कमी ठेवली, तर जे दिवस आहेत ते बरे जातील. मग रोज १०० मिली सलाईन कातडीखाली द्यायचं ठरलं. मानेमागे, दोन खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि खालच्या पोकळीत सुई सरकवायची. बाटली उंच टांगायला हवी. आमच्याकडे उंच हूक एकच, गॅलरीच्या दारावरचा, आकाशकंदिलाचा. त्यामुळे यंदा आमच्या आकाशकंदिलाच्या जागी सलाईनची बाटली लटकली. कंदील शू-रॅकवर बसून राहिला.

दिवाळी शांत गेली. दादाला रजा मिळाली नाही. पाहुण्यांना आम्हीच नको म्हटलं, कारण दार सारखं उघडलं की ठकी पलंगाखाली जाते आणि मग खायला बाहेर येत नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर लिव्हरवर येतं. आत्याने गुच्छ पाठवला, त्यात लिली निघाली. तो जिन्यातच ठेवून दिला. लिलीचे नुसते परागकण अंगावर पडले आणि मांजराने ते चाटले, तरी किडन्या निकामी होऊ शकतात. हे तुमच्यापैकी कुणाकडे मांजर असेल तर लक्षात असू द्या. नरकचतुर्दशीला पहाटे खाली फटाके सुरू झाले तेव्हा मी अंगाला उटणं तसंच लावलेलं, बाथरूमच्या दारात बसून ठकीच्या पाठीवर हात ठेवून होते. अभ्यंगस्नान सात वाजता झालं.

आता ज्याची मला लाज वाटते ते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आजीने आरतीसाठी कापूर काढला. कापूर मांजराला विषारी असतो आणि व्हेटने धूरही टाळायला सांगितला होता. हे मी आजीला नीट सांगू शकले असते. मी ओरडले. “तुला कळत नाही का? मारायचंय का तिला?” देवघरासमोर, लक्ष्मी मांडलेली असताना, ८२ वर्षांच्या बाईला. आजी काही बोलली नाही. कापराची डबी पदरात बांधली आणि निरांजनावर आरती केली. तिच्या आयुष्यातली बिनकापराची ती पहिली लक्ष्मीपूजनाची आरती असेल.

त्या रात्री मी माळ घेऊन बसले. एरवी अकरा माळा होतात. आठवडाभर तीनवर आल्या होत्या, त्या रात्री एकही झाली नाही. आणि जडभरताची गोष्ट आठवली.

भागवताच्या पाचव्या स्कंधात आहे. भरत राजा राज्य सोडून गंडकीच्या काठी पुलहाश्रमात साधनेला येतो. एक दिवस गाभण हरिणी पाणी पीत असताना सिंहाची डरकाळी येते, ती घाबरून उडी मारते आणि पाडस नदीत पडतं. आई मरते. राजा पाडस उचलून घरी आणतो. मग त्याला गवत, त्याची राखण, त्याला खांद्यावर घेऊन हिंडणं. एकेक नियम सुटत जातो. शेवटी मरताना जवळ ते हरीण बसलेलं आणि मनात तेच. म्हणून पुढचा जन्म हरणाचा.

आमचे एक सत्संगातले काका रिपोर्ट कळल्यावर फोनवर हेच म्हणाले होते, “सांभाळ हो, जडभरत होशील.” मला तेव्हा राग आला होता. त्या रात्री मात्र गोष्ट परत काढून वाचली. वाचताना एक दिसलं. पाडसाला पाण्यातून काढलं, यासाठी तिथे राजाला कुणी दोष देत नाही. मला तरी कुठे सापडला नाही. त्याची घसरण पुढे होते. पाडस जरा नजरेआड झालं की तो कासावीस होतो, लांडग्याने खाल्लं असेल का, परत येईल का, आणि माझ्याशिवाय त्याला कोण आहे? हा शेवटचा विचार मी ओळखला. आठवडाभर मी तोच जपत होते. जपाच्या जागी.

कारण खरं सांगू का? सलाईन मी कुणालाच देऊ देत नव्हते. बाबांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला जमणार नाही. आई खायला घालायला बसली की मी मागून सूचना द्यायचे. आजीने नुसतं जवळ बसावं, तर म्हणे तिच्या साडीला उदबत्तीचा वास येतो. ठकी ‘माझी’ झाली होती आणि बाकी सगळे जण तिला धोका. हे करुणेतूनच सुरू झालं होतं, हे मला अजूनही वाटतं. पण आजीवर ओरडले ती करुणा नव्हती. तो ‘मम’ होता, चांगला धडधाकट.

पाणी प्यायला उठले तेव्हा अडीच वाजले असतील. गॅलरीच्या दाराशी आजी खाली बसलेली, गुडघे दुखत असताना. ठकीची मान तिच्या तळहातावर. आजी विष्णुसहस्रनाम पुटपुटत होती. साडी बदललेली होती. मला बघून म्हणाली, “झोप तू. मी आहे.”

दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, मी आजीच्या पाया पडले आणि माफी मागितली. ती म्हणाली, “पाया पडायचंच होतं आज. ते दुसरं राहू दे.”

अजून एक सांगते आणि थांबते. रामानुजाचार्यांच्या परंपरेत पुढे वडकलै आणि तेनकलै असे दोन पंथ झाले. कृपा कशी होते, यावर त्यांचा वाद. वडकलै माकडाचा दाखला देतात. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, तसं भक्ताने आपल्या बाजूने थोडं तरी धरायला हवं. तेनकलै मांजराचा देतात. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला मानेला धरून नेते. याला मार्जारन्याय म्हणतात. श्रीरामकृष्णही माकडाच्या आणि मांजरीच्या पिल्लाचा हा दृष्टान्त द्यायचे. मी हा न्याय कितीदा वाचला असेल, आणि दर वेळी स्वतःला पिल्लू समजून बरं वाटून घेतलंय. यंदा मात्र मी ठकीची मान रोज चिमटीत धरत होते, अगदी त्याच जागी, आणि नकळत आईच्या जागेवर जाऊन बसले होते. तिला तोंडात धरून नेणारी मीच, मी सोडलं तर ती पडली. तिथे बसल्यावर जप कशाला होईल? आईला कुठे कुणाला हाक मारायची असते!

मला वाटतं, ‘निर्मम’ हा शब्द ‘करुणा’च्या इतक्या जवळ ठेवलाय तो यासाठी. सेवा सुरू झाली की ही खुर्ची रिकामीच दिसते. माझा हा अर्थ शास्त्राला धरून आहे की नाही, ते जाणकारांनी सांगावं. घरात मात्र तो मला रोज तपासता येतोय.

सोमवारपासून माझं ऑफिस सुरू. सकाळची साडेसातची लोकल, यायला रात्रीचे आठ. रजा वाढवून मागायचा मेल लिहून ठेवला होता, तो पाठवला नाही. भाऊबीजेला दादाला व्हिडिओ कॉलवर ओवाळलं आणि फोन ठेवल्यावर बाबांना सलाईन शिकवलं. त्यांचे हात थरथरत होते. पहिल्यांदा सुई आरपार गेली आणि सगळं पाणी ठकीच्या केसांवर. माझी जीभ शिवशिवली, पण गप्प बसले. दुसऱ्यांदा जमलं. आजीने बाटली आधी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट केली होती. ते मला आठ दिवसांत सुचलं नव्हतं. ठकीने त्या दिवशी अंग चोरलं नाही.

ती बरी होणार नाही. तुळशीच्या लग्नापर्यंत असेल का, माहीत नाही. खाणं अगदीच थांबलं तर पुढे जबरदस्ती करायची नाही, असं आम्ही चौघांनी आणि फोनवर दादाने मिळून ठरवलंय. ते ठरवताना मी रडले. आई म्हणाली, रड की. समदुःखसुख हा शब्द याच श्लोकात आहे, पण तिथवर मी अजून पोचलेले नाही. त्यावर लिहायला मला वेळ लागेल.

आज सकाळी तिने दोन बोटं खाल्लं. बाबा हाक मारतायत, बाटली टांगून झालीय, मान धरायला कुणीतरी हवंय. आजी उठलीय.

मी माळ घेऊन बसते.

राम कृष्ण हरी.