उसना गळा

आषाढी एकादशीच्या पहाटे अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर विठोबाच्या देवळांतून जो अभंग ऐकू येतो, तो बऱ्याचदा गावातल्या कुणाच्या गळ्यातला नसतो. आवाज असतो लता मंगेशकरांचा किंवा भीमसेन जोशींचा, आणि येतो भोंग्यातून. लताबाईंचा असेल तर तो बहुधा 'अभंग तुकयाचे' या ध्वनिमुद्रिकेतला. शब्द तुकोबांचे, चाली श्रीनिवास खळे यांच्या, गाणी मुंबईच्या स्टुडिओत बांधलेली आणि एका कंपनीने विकलेली. प्रश्न असा, की देवळात वाजणारी ही वस्तू प्रार्थना आहे की प्रार्थनेच्या आवाजाची प्रत? कीर्तनकार समोर उभा असतो, घामाघूम होतो, चुकतो, त्याचा कंठ दाटतो. तबकडीला यातले काही होत नाही. म्हणून ती निर्जीव, आणि निर्जीव वस्तूची कसली भक्ती, असे अनेक जाणते लोक म्हणतात. मला हे पटत नाही. प्रार्थना खरी की खोटी हे उच्चारणाऱ्याच्या गळ्यात ठरत नाही, ती जो आपलीशी करतो त्याच्याकडे ठरते, असे माझे म्हणणे आहे. आणि हे मत तबकडीच्या सोयीसाठी आज काढलेले नाही. आपल्या परंपरेत ते आधीपासून आहे.

आधी स्टुडिओचे पाहू, कारण संशयाचे मूळ तिथे आहे. ही ध्वनिमुद्रिका निघाली त्या काळी गायक आणि वादक बहुधा एकाच वेळी वाजवत-गात. एका व्हायोलिनचा सूर घसरला तरी सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. मायक्रोफोन श्वाससुद्धा टिपतो, म्हणून श्वास कुठे आणि कसा घ्यायचा हेही शिकावे लागे. लताबाईंना ते अनिल विश्वासांनी शिकवले. ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्या पायांतल्या चपला काढून उभ्या राहत. ही भक्ती होती की कामाची शिस्त, याचा निवाडा बाहेरून करता येत नाही आणि माझ्या मुद्द्यासाठी तो करण्याची गरजही नाही. आक्षेप असा, की ज्या आर्ततेची इतकी मोजणी आणि तालीम झाली ती आर्तता उरतेच कुठे? पण हाच न्याय लावायचा तर घनपाठी वैदिकाला काय म्हणायचे? तो एकच मंत्र पदे उलटसुलट जोडून आयुष्यभर घोकतो, स्वराची चूक हा दोष मानतो, आणि त्याला कुणी नाटकी म्हणत नाही. नामजपही पुनरावृत्तीच. एकशे आठाव्या मण्यावरचे नाम पहिल्या मण्यावरच्या नामापेक्षा कमी खरे, असे कोणत्याही संप्रदायाने सांगितलेले नाही. मग बाराव्या खेपेला मनासारखा उतरलेला अभंग पहिल्या खेपेच्या अभंगापेक्षा कमी खरा का ठरावा? उत्स्फूर्त तेवढेच प्रामाणिक, ही समजूत अलीकडची आहे आणि आपल्या देवळांच्या मानाने बरीच परकी.

आता गळ्याचे. भारतातली पहिली ध्वनिमुद्रणे 1902 साली कलकत्त्यात झाली. त्यांत गौहर जान गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत पुकारत असे. तबकड्या जर्मनीत घडत आणि तिथल्या कारागिरांना आवाज कुणाचा हे कळावे, हा त्यामागचा व्यवहार. अभंगाच्या शेवटीही नाव येतेच, पण ते गाणाऱ्याचे नसते. 'तुका म्हणे' ही मुद्रा ज्याने कुणी अभंग गायला त्याने उच्चारायची. गेली पावणेचारशे वर्षे लाखो माणसे 'तुका' नसताना 'तुका म्हणे' म्हणत आली आणि त्यात कुणाला तोतयेगिरी दिसली नाही. तुकोबांनी स्वतः तरी दुसरे काय केले? याच ध्वनिमुद्रिकेतल्या एका अभंगात ते सासरी निघालेल्या मुलीचे मन घेऊन बोलतात. बाप्या माणसाने नवऱ्या मुलीचा जीव उसना घेतला, तीन शतकांनंतर एका बाईने त्या बाप्याची मुद्रा उसनी घेतली, आणि ऐकणारा यांतला कुणीच नसताना त्याला ते आपले वाटते. ज्ञानदेवांच्या विराण्या घ्या, नाथांची भारुडे घ्या, सगळीकडे हीच रीत दिसेल. भक्तीचे शब्द उसन्या गळ्यानेच चालत आले आहेत. स्टुडिओने एवढेच केले, की जुन्या साखळीत एक कडी वाढवली.

या कड्याही नव्या नाहीत. 'दासबोध' समर्थांनी सांगितला आणि कल्याणस्वामींनी लिहून घेतला. परंपरा ती जागा आपल्याच जिल्ह्यात, महाडजवळच्या शिवथरघळीत दाखवते. तुकोबांची गाथा सरकारी खर्चाने इंदुप्रकाश छापखान्यात छापून 1873 साली पुरी झाली. गळ्यातून कागदावर, कागदावरून शिशाच्या खिळ्यांत, तिथून फितीवर. प्रत्येक पायरीला जिवंतपणा गेल्याची तक्रार करता येईल, पण मग पोथी वाचणाऱ्यालाही भक्त म्हणता येणार नाही. त्याच 'दासबोधा'च्या चौथ्या दशकात नवविधा भक्ती येते आणि तिचा पहिला समास श्रवणाचा आहे. भागवतातही क्रम तोच. कीर्तन दुसरे, श्रवण पहिले. गाणे ही ऐकण्याची पुढची पायरी. ऐकणे हे गाण्याचे उरलेसुरले उष्टे नव्हे. रेवदंड्याच्या धर्माधिकारी परंपरेच्या बैठकांना बसणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. तो तिथे श्रवणालाच जातो आणि त्याला साधनाच म्हणतो.

कुणी म्हणेल, श्रवण ठीक, पण उच्चारणाऱ्याला अर्थ तरी कळलेला हवा, त्याची श्रद्धा तरी हवी. याला उत्तर म्हणून मी याच किनाऱ्यावरची बेने इस्राएल मंडळी पुढे करीन. अलिबागजवळच्या नवगावला त्यांचे पूर्वज फुटलेल्या जहाजातून किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ बुडाले, भाषा विसरली, तेलाचे घाणे चालवून ती माणसे मराठी झाली; शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. प्रार्थनांपैकी उरला 'शेमा'. हिब्रू येत नसताना ते शब्द पिढ्यान्पिढ्या जन्माला, लग्नाला, मरणाला म्हटले गेले. पुढे हिब्रू शिकवणारे भेटले तेव्हा त्या एका प्रार्थनेच्या धाग्यावरून बाकीचा धर्म परत विणता आला. एकोणिसाव्या शतकात तर या समाजाने अब्राहाम आणि योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तनेही उभी केली. मधल्या पिढ्यांचा 'शेमा' अर्थ न कळता म्हटला गेला म्हणून तो खोटा होता का? अलिबागच्या इस्रायल आळीतल्या सिनेगॉगपुढे उभे राहून हे म्हणण्याचे धाडस मला तरी होणार नाही.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र खुद्द तुकोबांचा आहे. कीर्तन करावे तिथे अन्नसुद्धा घेऊ नये, असे ते बजावतात. हरिकथा विकणाऱ्याबद्दल त्यांचे शब्द कठोर आहेत. ज्यांनी हे बजावले त्यांचेच अभंग दुकानात किंमत लावून विकले गेले, ही विसंगती झाकता येत नाही. पण तुकोबांचा नियम नीट पाहावा. तो सांगणाऱ्याला आहे. पैशाने जीभ कशी वळते, श्रोत्याचे तोंड पाहून कथा कशी बदलते, याची त्यांना चीड होती. विकत घेतलेली कथा ऐकून श्रोत्याच्या पदरात काही पडत नाही, असे ते म्हणत नाहीत. मीमांसकांनी तर यज्ञाच्या बाबतीत हा हिशेब फार पूर्वीच मांडला: मंत्र म्हणतात ऋत्विज, दक्षिणा देतो यजमान, आणि फळ यजमानाला. दक्षिणेला ते सरळ 'परिक्रय' म्हणतात, म्हणजे श्रम विकत घेणे. कर्मकांडाचा हा कोरडा हिशेब भक्तीला जसाच्या तसा लागू होत नाही हे मान्य. तरी दुसऱ्याने, आणि तेही मोल घेऊन, उच्चारलेला शब्द आपल्या कामी येतो ही कल्पना आपल्याकडे किती जुनी आहे, एवढे त्यावरून दिसते. बिघाड झालाच तर तो विकणाऱ्याचा होईल, आणि त्याचा जाब त्याने द्यावा.

किनाऱ्याला याहून जवळचे उदाहरण म्हणजे कोळीगीते. 'मी डोलकर' लिहिले शान्ता शेळके यांनी, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, गायले लताबाई आणि हेमंतकुमार यांनी. चौघांत कोळी एकही नाही; एक तर बंगाली. तरी नारळी पौर्णिमेला थळ, वरसोली किंवा मुरूडच्या बंदरावर ते गाणे वाजते आणि कोळीवाडा ते आपले म्हणून नाचतो. (शब्द मात्र नेमका उचलला आहे. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत बांधून ठेवलेले पिशवीसारखे जाळे, त्यात बोंबील आणि जवळा आपण होऊन येतो. डोलकर तो त्यावरचा.) इथे अभिनवगुप्ताची आठवण होते. रस नटात नसतो, सहृदयात असतो, असे तो सांगतो. पेल्याला मद्याची चव कळत नाही आणि नटाला पात्र म्हणतात ते यासाठीच. मराठीतही 'पात्र' हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरतात, पण आपण ते विसरून गेलो आहोत. समुद्र न पाहिलेल्या गळ्यातूनही समुद्र ऐकू येतो, तो ऐकणाऱ्याच्या अंगात खारे वारे मुरलेले असते म्हणून. यावर कोळी समाजातल्या एखाद्या तरुणाने विचारावे, की आमची बोली दागिन्यासारखी वापरली, नाव आणि पैसा शहरात गेला, त्याचे काय? ही तक्रार रास्त आहे. मात्र ती न्यायाची आहे, गाणे खरे की खोटे याची नव्हे. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर न्याय मिळत नाही आणि गाणेही हातचे जाते.

एवढे म्हटल्यावर माझ्या म्हणण्यातून एक गोष्ट निघते, जी भोंगा लावणाऱ्यांना आवडणार नाही. प्रार्थना ऐकणाऱ्याकडे पुरी होत असेल, तर ऐकणारा नसेल तिथे ती होतच नाही. पहाटे पाचला रिकाम्या मंडपात वाजणारा अभंग, गायिका कितीही थोर असो, म्हणजे नुसती हललेली हवा. कीर्तनकाराला रिकाम्या मंडपात उभे राहणे जड जाते. यंत्राला जात नाही, आणि धोका तिथेच आहे. दुसरा तोटा याहून मोठा. खळ्यांच्या चाली ऐकायला सोप्या आणि गायला फार कठीण. वारकरी चाल कुणालाही, बेसुऱ्यालासुद्धा, सामावून घेते. या चाली तसे करीत नाहीत. त्या ऐकून गावच्या भजनी मंडळाला आपल्याच गळ्याची लाज वाटू लागली आणि पखवाज खुंटीला गेला, तर श्रवणाने कीर्तनाला गिळले असे होईल. नवविधा भक्तीत श्रवण पहिले असले तरी ते एकटे नाही. इथे माझा युक्तिवाद थांबतो आणि आक्षेप घेणारा बरोबर ठरतो.

तेव्हा किनाऱ्यावरच्या देवस्थानांच्या विश्वस्तांना विनंती आहे. येत्या एकादशीला 'अभंग तुकयाचे' जरूर लावा, पण मंडपात चार माणसे येऊन बसल्यावर लावा आणि आवाज मंडपापुरता ठेवा. ध्वनिमुद्रिका संपली की भोंगा बंद करून टाळ वाटा.