आधी अर्ज, मग मांडव

नागापूरच्या एमआयडीसीत एका टर्नरचा छोटा गाळा होता. दिवसभर कंपन्यांचं जॉबवर्क, रात्री स्वतःची खटपट. गावाकडे कांदा काटणीला मजूर मिळेनात, म्हणून त्याने एक यंत्र जमवलं. दोन रबरी रोलर फिरत फिरत पात खाली ओढायचे, खालचं पातं ती छाटायचं. अशी यंत्रं पूर्वीही होती. याची सगळी करामत स्प्रिंगमध्ये होती. कांदा लहान येवो की मोठा, रोलरमधली फट आपोआप जुळायची आणि कांद्याला ओरखडा उठत नसे.

यंत्र चाललं, मग त्याला दम कुठला! कृषी प्रदर्शनात स्टॉल घेतला. येईल त्याला झाकण उघडून स्प्रिंग दाखवली, फोटो काढू दिले. बायको म्हणाली, "झाकण तरी लावा हो." तो म्हणाला, "अगं, विद्या दिल्याने वाढते."

वाढली. पुढच्या हंगामात शेजारच्याच गाळ्यातून तीच स्प्रिंग लावलेली यंत्रं विकायला निघाली, तीही दोन हजारांनी स्वस्त. टर्नर तणतणत पुण्याला पेटंटचं काम बघणाऱ्या एका बाईंकडे गेला.

"डोकं माझं, मेहनत माझी, मॅडम!"

"मान्य. पण तुम्ही अर्ज करण्याआधीच ते चारचौघांत उघड झालं. हळदीचं ऐकलंत ना? जखमेवर हळद लावण्याचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं. डॉ. माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख. संस्थेने जुने ग्रंथ आणि 1953 चा एक वैद्यकीय लेख पुढे केला आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. जे आधीच जगजाहीर, ते नवं नाही. ज्या नियमाने आपली हळद वाचली, त्यानेच तुमची स्प्रिंग गेली."

"प्रदर्शनाला सूट असते म्हणतात."

"केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनाला, तीही बारा महिन्यांपुरती. तुमच्या मांडवाला नाही. आधी अर्ज, मग मांडव."

कायदा निष्ठुर वाटतो खरा. पण शेजाऱ्यालाही आता त्या स्प्रिंगवर एकट्याचा हक्क सांगता येणार नव्हता, आणि टर्नरला तेवढाच थंडावा.

मग त्याने कांदे पात खाली करून एकेक सोडणारा हलता ट्रे बनवला. या खेपेला शटर ओढून. आधी चित्रं काढली, तात्पुरतं विवरण लिहिलं, 1600 रुपये भरून ऑनलाइन अर्ज केला. पूर्ण विवरण द्यायला वर्षाची मुदत होती. अर्जाची तारीख मात्र पक्की झाली. मगच शटर वर गेलं.

शेजारी वाकून ट्रे बघत म्हणाला, "भारीच की! मीपण बनवू का?"

"बघ की, झाकण काढून दाखवतो. पण अर्ज गेलाय. पेटंट मिळालं, तर अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं दर ट्रेमागे रॉयल्टी लागेल."

"आणि स्प्रिंगचं?"

"ती काय, आता सगळ्यांचीच. बस, चहा सांगतो. रॉयल्टीचं बोलू."