इमला आणि लिंगदेह

मराठी दस्तऐवजांत घराला एक जुना, रोकडा शब्द आहे : इमला. खरेदीखतात जमीन निराळी लिहावी आणि तिजवरील इमला निराळा लिहावा ही वहिवाट अद्यापि मोडलेली नाही. लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनात अध्यात्म नसते, परंतु त्याच्या लेखणीखालच्या शब्दाने एक सिद्धान्त मुकाट्याने पत्करलेला असतो, तो असा की जे उभे आहे ते केव्हा तरी पडावयाचे आहे, आणि ज्यावर ते उभे आहे ते मागे राहावयाचे आहे. ज्याचा पाया १७३० मध्ये घातला गेला त्या शनिवारवाड्याचे सागवानी मजले १८२८ च्या आगीत भस्मसात झाले. मात्र त्याच्या बांधकामास १६,११० रुपये लागले हा आकडा आजही कोणताही पुणेकर सांगतो. वाडा जळाला, हिशेब जळाला नाही. घर नाहीसे होते आणि त्याचे कागद रुमालात बांधलेले राहतात, तेव्हा नेमके काय राहिले असे म्हणावयाचे, हा प्रश्न वरकरणी पुराभिलेखागाराचा असला तरी आपल्या दर्शनकारांनी तो निराळ्या भाषेत फार पूर्वीच घालून ठेवलेला आहे.

मुंबईच्या बीडीडी चाळींचे उदाहरण मी घेतो, कारण इतक्या निखळपणे कागदातून जन्मलेली घरे मला दुसरी ठाऊक नाहीत. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाटीच्या वस्त्या पाडून चाळी बांधण्यास आरंभ केला होता. परंतु पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गिरण्यांच्या भोवती मजुरांची जी गर्दी लोटली तिला ते प्रयत्न पुरे पडेनात, तेव्हा गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दीत, १९२० मध्ये, डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे स्वतंत्र खाते निघाले, शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया जकात बसवून खर्चाची तजवीज झाली, आणि ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला. संकल्प सोडणे आणि तो तडीस नेणे यांत सरकारी कामात जे अंतर पडते ते येथेही पडले. उभ्या राहिल्या त्या २०७ चाळी : वरळीस १२१, नायगावास ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीस १२. तळमजल्यावर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, दोन रांगांच्या मधून जाणारा लांबलचक पॅसेज, आणि शौचकूप सामाईक. एकाच मागावरून ठाणामागून ठाण निघावे तशा ह्या चाळी एका नकाशावरून निघाल्या, आणि ज्यांच्यासाठी त्या काढल्या ते मागावरच काम करणारे लोक असल्यामुळे ही उपमा मला शोधावी लागली नाही.  

पुढे जे घडले ते मात्र आपल्या प्रश्नाच्या अगदी मर्माशी येऊन भिडते. भाडे न परवडल्यामुळे ह्या खोल्यांपैकी पुष्कळशा प्रारंभी ओस पडल्या, आणि सविनय कायदेभंगाच्या काळात सत्याग्रह्यांनी नेहमीचे तुरुंग भरून गेले तेव्हा वरळीच्या चाळींत सरकारने तात्पुरता तुरुंग थाटला. नकाशा तोच, भिंती त्याच, खोलीचे क्षेत्रफळ तेच. काल जे कामगाराचे घर म्हणून कागदावर नोंदले होते ते आज कारागृह झाले, आणि काही काळाने पुन्हा घर झाले. तेव्हा जे घराला घरपण देते ते त्या नकाशात कोठे तरी रेखाटलेले असलेच पाहिजे, ही आपली समजूत येथे डळमळते. नैयायिक म्हणेल की अवयवांहून अवयवी निराळा असतो, विटा, तुळया आणि दारे यांच्या बेरजेपलीकडे घर ही एक वस्तू आहे. मिलिंद राजाला रथाचा आस, चाके आणि जू एकेक करून विचारीत जाऊन शेवटी रथ हे केवळ व्यवहाराचे नाव आहे असे पटवून देणारा भदंत नागसेन त्यावर हसेल. मी पूर्वी मनाने नैयायिकांच्या बाजूचा होतो. वरळीच्या तुरुंगाचा विचार करू लागल्यापासून तितका खात्रीचा राहिलेलो नाही.

परंतु नागसेनाचे म्हणणे पुरतेपणी मान्य करावे तर दुसऱ्या बाजूने अडचण येते. शंभर वर्षांच्या ह्या चाळी आता पाडल्या जात आहेत. वरळी, नायगाव आणि डिलाइल रोड, म्हणजे हल्लीचा ना. म. जोशी मार्ग, येथील चाळींचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला असून १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर द्यावयाचे आहे. वरळीच्या पहिल्या ५५६ रहिवाशांच्या हाती किल्ल्या पडल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये. आता येथे थोडे थांबून पाहावे. जुन्या खोलीची वीटही नव्या घरात गेलेली नाही, मजला बदलला, आकार बदलला, खिडकीतून दिसणारे आकाश बदलले, आणि तरीही कायदा, सरकार, शेजारी आणि स्वतः तो गृहस्थ असे सर्वजण एकमुखाने म्हणतात की ह्याच्या खोलीचे हे घर झाले. एका देहातून दुसऱ्या देहात काहीतरी गेले आहे. जे गेले ते भिंत नव्हे, कारण भिंत मलब्यात गेली. ते आहे भाडेपावती, रेशनकार्ड, मतदारयादीतील नाव, वारसनोंद, आणि ह्या सगळ्यांची छाननी होऊन निघालेली पात्रतायादी.

आपल्याकडे स्थूल देह पडल्यावर जो पुढे जातो त्याला लिंगदेह म्हणतात. समर्थांनी दासबोधात स्थूल, सूक्ष्म, कारण आणि महाकारण अशी देहांची मांडणी केली आहे, आणि वासना व संस्कार यांचे गाठोडे घेऊन जीव कसा फिरतो हे मराठी घरांतील आजीलाही पाठ असते. मला असे दिसते की चाळीचा इमला हा तिचा स्थूल देह आणि तिचे दप्तर हा तिचा लिंगदेह होय. ही तुलना मी गमतीने मांडीत नाही, जरी जुनी खोली पडल्यावर नवे घर मिळेपर्यंत जेथे राहावयाचे त्या जागेला लावलेला संक्रमण शिबिर हा शब्द ऐकल्यावर मृत्यू आणि पुढचा जन्म यांच्या मधल्या अवस्थेला अंतराभव म्हणणारे सर्वास्तिवादी आठवून हसू येते हे खरे. पात्र की अपात्र हे ठरविताना त्या गृहस्थाने खोलीत काय भोगले, काय सोसले, कोणाचे बाळंतपण केले याची चौकशी होत नाही. संचिताचा जो भाग कागदावर उतरला तेवढाच पुढील जन्मास कारण होतो. ज्याची पावती हरवली त्याचा जीव मधल्या अवस्थेत लोंबकळतो. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर उभ्या असल्यामुळे ह्या योजनेबाहेर राहिल्या, हा तर खरेदीखतातल्या त्या जुन्या भेदाचाच परिपाक : इमला एकाचा, जमीन दुसऱ्याची, आणि पुनर्जन्म अडला.

म्हणून दप्तर हे घराचे स्मारक आहे ही सर्वसाधारण समजूत मला अपुरी वाटते. स्मारक मृताचे असते. हे दप्तर घराच्या हयातीतच त्याचा प्राण धरून होते.

असे असले तरी त्या लिंगदेहात सर्व काही गेले असे मात्र म्हणवत नाही. परळच्या बीआयटी, म्हणजे त्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ ह्या क्रमांकांच्या दोन खोल्या आहेत, जेथे डॉ. आंबेडकर १९१२ पासून, परदेशांतील विद्यार्जनाची वर्षे वगळता, सुमारे दोन दशके राहिले. पुढे दादरला हिंदू कॉलनीत त्यांनी मुख्यतः ग्रंथांसाठी म्हणून जे घर बांधले त्यास मगधाच्या प्राचीन राजधानीवरून राजगृह असे नाव दिले. ट्रस्टच्या नकाशाच्या दृष्टीने पन्नासावी खोली एकोणपन्नासाव्या खोलीहून कशातही निराळी असण्याचे कारण नाही. एका खोलीत संसार आणि दुसरीत रात्रभर चाललेले वाचन, हे जे काही त्या चार भिंतींच्या आत घडले ते भिंतींत घडले नाही, भिंतींच्या मधल्या पोकळीत घडले. आणि नकाशा काढणारा रेघा ओढतो त्या भिंतींच्या, पोकळी तो नुसती सोडून देतो. गौडपादांनी माण्डूक्यकारिकांत घटाकाशाचा दृष्टान्त दिला आहे, आणि वेदान्ती पुढे त्याच्या जोडीला मठाकाश म्हणतात : मठाच्या भिंतींनी वेढलेले आकाश मठ पडल्यावर नष्ट होत नाही, कारण ते वेगळे असे कधी नव्हतेच. वेदान्त्याला ह्यात समाधान आहे. ज्याचे आयुष्य त्या मठाकाशात गेले त्या माणसाला, महाकाशात ते मिळून गेले हे ऐकून कितपत समाधान वाटेल याविषयी मी साशंक आहे. ज्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास बुद्धाचा मार्ग पत्करला त्या आंबेडकरांना धम्मपदातील ते स्थळ ठाऊक असणारच, जेथे बोधी प्राप्त झालेला तथागत तृष्णेला घर बांधणारा म्हणून संबोधितो आणि आता पुन्हा घर उभारले जाणार नाही असे सांगतो. एकशेसाठ चौरस फुटांतून सुटका म्हणजे निर्वाण नव्हे आणि पाचशे चौरस फूट म्हणजेही नव्हे, एवढे त्यावरून कळते. पण ज्याला एकशेसाठच मिळाले होते त्याला हे सांगावयास जाण्याचा अधिकार पाच हजार चौरस फुटांत राहणाऱ्याला नाही.

पोकळीला रेघेइतकाच मान देणारा एक वास्तुशिल्पी आपल्या काळात होऊन गेला, आणि त्याच्या कागदांचे जे झाले तेही विचार करण्याजोगे आहे. चार्ल्स कोरिया हे नवी मुंबईचे मुख्य वास्तुशिल्पी होते. बेलापूरची आर्टिस्ट्स व्हिलेज ही वसाहत त्यांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत रचली. सात घरे एका अंगणाभोवती, अशा तीन अंगणांचे मिळून एक मोठे अंगण, आणि शेजाऱ्याच्या भिंतीशी कोणतेही घर जोडलेले नाही, जेणेकरून ज्याला त्याला आपापल्या ऐपतीप्रमाणे घर वाढविता यावे. मंडलाच्या मध्यभागी ब्रह्मस्थान रिकामे ठेवावे ही प्राचीन वास्तुविचारातील गोष्ट कोरियांना मनापासून भावलेली होती, आणि बेलापूरचे अंगण हे मला तिचे सर्वात निगर्वी रूप वाटते. जयपूरच्या त्यांच्या प्रसिद्ध नवग्रही इमारतीपेक्षाही, कारण तेथे पोकळी मिरविली आहे आणि येथे ती नुसती वापरली आहे. आता आज त्या वसाहतीत जाऊन पाहावे तर कौलारू उतरत्या छपरांची मूळ घरे थोडीच दिसतात. बहुतेकांनी ती पाडून स्लॅबची दुमजली-तिमजली बांधली. कोरियांची सहा हजारांहून अधिक रेखाचित्रे मात्र त्यांनी स्वतः २०१३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स ह्या संस्थेस दिली, आणि ती तेथे सुखरूप आहेत. बेलापूरचा स्थूल देह पालटला आणि त्याचे कागद सातासमुद्रांपलीकडे गेले, याची खंत करणारे लेख मी वाचले आहेत. मला त्यातील पहिल्या खंतीत राम दिसत नाही. घर वाढावे म्हणूनच ज्याने भिंती सुट्या ठेवल्या त्याच्या घराने वाढण्याच्या भरात मूळ रूप टाकले तर तो नकाशाचा भंग की नकाशाचे फलित? अभिलेखागारात ठेवावयाची ती केवळ पहिली रेखाचित्रे असे मानण्यातच चूक आहे. एखाद्या मालकाने वरचा मजला चढविण्यासाठी स्थानिक गवंड्याकडून वहीच्या पानावर काढून घेतलेला आराखडाही त्याच रुमालात बांधावयास हवा. तो कोणी जपून ठेवीत नाही. अंगणे मात्र, घरे बदलली तरी, पुष्कळ ठिकाणी अंगणेच राहिली आहेत, आणि त्यांसाठी निराळा कागद कोणी कधी केलेला नव्हता.

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी होती. दागिन्यांची नव्हे, पावत्यांची. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या पावत्या वर्षावार दोऱ्याने बांधून आई तीत ठेवीत असे, आणि पावसाळ्यापूर्वी एकदा त्या उन्हात घालण्याचा तिचा परिपाठ होता, जसा इतर घरांत लोणच्याच्या बरण्यांचा असतो. खूप वर्षांनी, खोल्यांचा वारस लावण्याचा प्रसंग आला तेव्हा मी ती पेटी उघडली आणि माझ्या ध्यानी आले की सगळ्या पावत्या आजोबांच्या नावाने होत्या. आजोबा मी जन्मण्यापूर्वीच वारले होते. दर महिन्याला मालकाचा माणूस येई, आजोबांचे पूर्ण नाव घालून पावती फाडी, आणि आई पैसे मोजून देई. मी फिरून फिरून त्या पाहात होतो. आजोबांच्या मृत्यूच्या महिन्याची पावती कोणती हे तारखेवरून मी काढले, पण तिच्यात आणि पुढच्या महिन्याच्या पावतीत अक्षराचाही फरक नव्हता. नोंद बदलून घ्यावयास गेलो तेव्हा खिडकीपलीकडच्या कारकुनाने पावतीवरचे नाव वाचले आणि मान वर न करता विचारले, "हे हयात आहेत का?"