एकट्याला न जमणाऱ्या सवयी

कपाशीची शेवटची वेचणी होत आली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्यापुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो. पीक काढून टाकायचं, की आणखी एक-दोन पाणी देऊन फरदड घ्यायची? झाड अजून हिरवं असतं, विहिरीत थोडं पाणी असतं, हात तंग असतो. दोन-चार क्विंटल जास्तीचा कापूस कुणाला नको असतो? पण गुलाबी बोंडअळीला नेमकं हेच हवं असतं. हंगाम लांबला की तिला खायला बोंडं मिळतात, तिची आणखी एक पिढी वाढते. मग काही अळ्या अर्धवट उमललेल्या बोंडांत आणि बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांत दडून पुढच्या पावसाळ्याची वाट बघतात. २०१७ साली या अळीने विदर्भातली कपाशी पोखरून काढली. त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते वर्ष इथे कुणी विसरलेलं नाही.

कृषी विभाग आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सांगून थकल्या, की डिसेंबरअखेर शेत मोकळं करा, फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या शेतात ठेवू नका. सल्ला अगदी योग्य आहे. पण समजा, गावातल्या एकाच शेतकऱ्याने तो पाळला. त्याचा फरदडीचा कापूस गेला. पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या वावरातले पतंग उडत येऊन त्याच्याही पात्या-फुलांवर अंडी घालून गेले. दोन्हीकडून तोटा त्याचाच. मग पुढच्या वर्षी तोही फरदड घेतो, आणि आपण त्याला अडाणी ठरवून मोकळे होतो. हे मला फार अन्यायाचं वाटतं. एकट्यापुरता त्याचा हिशेब चोख आहे. चुकतं ते आपलं, त्याला एकट्याला गाठून सल्ला देण्यात.

पर्यावरणाला झेपेल असं जगण्याबद्दल आज जे बोललं जातं, त्यात हाच घोळ मला दिसतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारताने जीवनशैलीचा मुद्दा मांडला आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी केवडियाला ‘मिशन लाइफ’ सुरू झालं. त्यात ७५ कृतींची यादी आहे. राज्य सरकारचं ‘माझी वसुंधरा अभियान’ त्याआधीच, २ ऑक्टोबर २०२० पासून चालू आहे. नळ बंद ठेवा, दिवा मालवा, कापडी पिशवी न्या, जवळ जायचं तर सायकल काढा. या कृतींबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्या केल्याच पाहिजेत. पण बहुतेक कृती एकेका माणसाने, एकेका घराने करायच्या आहेत. पऱ्हाट्या न जाळणं, भूजल पुरवून वापरणं, सांडपाणी रस्त्यावर न सोडणं, फरदड न घेणं या सवयींवर यवतमाळसारख्या जिल्ह्याचं बरं-वाईट ठरतं, आणि त्यातली एकही एकट्याने करून पुरत नाही. त्या सगळ्यांनी मिळून, आणि शक्यतो एकाच दिवशी, सुरू कराव्या लागतात. थोड्या दिवसांच्या सामुदायिक आव्हानाचं महत्त्व मला इथे वाटतं.

मुदत बांधून नेम धरणं आपल्याला परकं नाही. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण, वांगं सोडणारी घरं अजून आहेत. अख्खं घर, अख्खा वाडा नेम पाळतो, म्हणून तो एकेकाला सोपा जातो. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, रात्री कीर्तन करीत. बाबा झाडायला लागले की गावकऱ्यांना बघत उभं राहणं अवघड व्हायचं. आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियानाला गाडगेबाबांचं नाव देऊन गावागावांत स्पर्धा लावली गेली, त्यामागेही हीच जाण होती.

अलीकडचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा. २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीनच तालुक्यांत ती झाली. २०१७ मध्ये तालुके तीस झाले, आणि त्यांत आमचे राळेगाव, कळंब आणि उमरखेड होते. २०१८ मध्ये संख्या पंचाहत्तरवर गेली. ८ एप्रिल ते २२ मे, असे पंचेचाळीस दिवस. आधी ग्रामसभेत ठराव, मग गावातल्या निवडक माणसांना निवासी प्रशिक्षण, आणि ठरलेल्या तारखेला काम सुरू. कित्येक गावांनी तारीख लागताच, रात्री बाराच्या ठोक्याला पहिली कुदळ मारली.

आमच्याकडचा एप्रिल-मे म्हणजे काय, हे विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. पारा ४४-४५ अंशांवर जातो, सकाळी नऊनंतर माळावर उभं राहवत नाही. म्हणून काम पहाटे, नाहीतर सूर्य बुडाल्यावर. टिकास चालवणारे पुढे, फावडंवाले मागे, आणि घमेली हातोहात देणारी बायका-पोरांची रांग. सलग समतल चर खोदायचा तर आधी उताराला आडवी, एका पातळीतली रेघ आखावी लागते. ती रेघ चुकली तर पाणी चरात थांबण्याऐवजी सखल टोकाला धावतं आणि तिथून बांध फोडून निघून जातं. सातवी-आठवीतली पोरं पारदर्शक नळीतल्या पाण्यावरून पातळी धरायला शिकली आणि वडिलांना ‘इथं नाही, दोन बोटं वर’ म्हणून सांगू लागली. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलं. आमचा सरासरी पाऊस नऊशे मिलिमीटरच्या आसपास धरा, म्हणजे हेक्टरी नव्वद लाख लिटर होतात. एवढं पाणी दारावरून वाहून जातं आणि उन्हाळ्यात आपण टँकर मागतो, हा हिशेब गावाने स्वतः मांडला की त्याला भाषण ऐकावं लागत नाही.

२०१७ चा राज्यातला पहिला क्रमांक शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या, आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या कोलाम आदिवासींच्या छोट्या वस्तीने पटकावला. ज्यांच्याकडे जमीन थोडी आणि पैसा त्याहून थोडा, ती माणसं मोठमोठ्या गावांच्या पुढे गेली. कोलाम आमच्याही जिल्ह्यात आहेत. त्यांच्या पोडांवर ‘जनजागृती’ करायला जाणाऱ्यांनी काकडदऱ्याला आधी जाऊन यावं.

या स्पर्धेच्या गुणपत्रिकेत चर-बांधांच्या जोडीने रोजच्या राहणीच्या गोष्टीही होत्या. शोषखड्डे, रोपवाटिका, माती परीक्षण, पाण्याचं अंदाजपत्रक, आगपेटीमुक्त शिवार म्हणजे शेतात काही न जाळणं. त्यातला शोषखड्डा जरा नीट बघू. न्हाणीच्या तोंडाशी साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यायचा. मधोमध बाजूने भोकं पाडलेलं सिमेंटचं टाकं ठेवायचं, भोवती दगड-गोटे भरायचे, टाक्यावर झाकण. गाळ टाक्याच्या तळाशी बसतो, वरचं पाणी भोकांतून निघून जमिनीत मुरतं. अधूनमधून टाक्यातला गाळ काढला की झालं. पैनगंगेपलीकडे, उमरखेडला लागून असलेल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे. तिथे घरोघरी असे खड्डे झाले, उघड्या नाल्या संपल्या आणि गाव डासमुक्त म्हणून गाजलं. त्यातलं घरोघरी हे महत्त्वाचं. पन्नास घरांनी खड्डे घेतले आणि एका घराने सांडपाणी गल्लीतच सोडलं, तरी त्या डबक्यातला डास सगळ्यांनाच चावणार. चार घरं राहिली तर ती का राहिली, जागा नाही की पैसा नाही, हे गावाला विचारावंच लागतं. मदत तिथून सुरू होते.

आता मुदतीचं बोलू. एकवीस दिवसांत सवय लागते, असं सर्रास सांगितलं जातं. त्याला आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी साधी गोष्ट करायला लावून अभ्यास केला. ती गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. म्हणजे पंचेचाळीस दिवसांचं आव्हान सुरुवात करून देतं, सवय पक्की करायला ते कमी पडतं. चरांचंही तसंच आहे. दोन-तीन पावसाळ्यांत ते गाळाने भरतात. गाळ काढणारं कुणी नसेल तर एका उन्हाळ्याचा घाम मातीत जातो. बक्षीस वाटून झालं, पाहुणे गेले, सरपंच बदलला, आणि पुढच्या वर्षी टिकास कोपऱ्यातच राहिलं, अशी गावं कमी नाहीत. हिवरे बाजारसारखं गाव टिकून राहिलं, कारण तिथे दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून कोणती पिकं घ्यायची हे ठरतं. तो नेम कुठल्याही स्पर्धेविना चालू आहे.

याहून नाजूक प्रश्न न्यायाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं मला जमत नाही. माळावर चर खोदताना सगळ्यांत जास्त घमेली भूमिहीन मजुरांच्या, त्यातही बायकांच्या डोक्यावरून गेली. पाणी वाढलं ते विहीर असलेल्याच्या विहिरीत. मजुराला रब्बीत चार दिवस काम जास्त मिळालं असेल, पण पाण्यात त्याचा वाटा कुणी लिहून दिला नाही. ‘साधं जगा’ हा उपदेशही असाच उताराने खाली वाहतो. जिची मोरी म्हणजे परसातला एक दगड आहे आणि जी पाणी डोक्यावरून आणते, तिला पाणी जपून वापरा म्हणून काय सांगणार? चुलीत पऱ्हाटीच घालणारी बाई कुठली वीज वाचवणार? आव्हान घ्यायचं तर ज्याचा वापर जास्त, त्याच्यावर भार जास्त, हे पहिल्या दिवशी ठरलं पाहिजे.

इथे शहर येतं. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने जे भोगलं, ते नगरवासीयांच्या चांगलंच लक्षात असेल. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला, निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली, आणि पाण्याच्या टाक्यांभोवती रात्री-बेरात्री रांगा लागल्या. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतलं केप टाऊन नळ कोरडे पडण्याचे दिवस मोजत होतं. १ फेब्रुवारी २०१८ पासून तिथे माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली. कोणत्या घराचा वापर मर्यादेत आहे, हे नगरपालिकेने नकाशावर हिरवे ठिपके लावून सर्वांसमोर ठेवलं. दंड होते, जास्त वापराला चढे दरही होते. तीन वर्षांत शहराचा रोजचा वापर निम्म्यावर आला आणि पावसापर्यंत निभावलं. त्यातही झोपडवस्त्यांचा वाटा आधीपासूनच फार थोडा होता. खरी कपात बागा आणि पोहण्याचे तलाव असलेल्या घरांत झाली. यवतमाळात मात्र आपण बोअर खोल नेल्या. ज्याला परवडलं त्याने नेली, आणि त्याच्या शेजाऱ्याची आटली. फरदडीचीच ही शहरी आवृत्ती आहे.

म्हणून शहरातल्या वाचकांना मी ७५ कृतींची यादी देत नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. एका कॉलनीने, एका समाजाच्या मंडळाने ठरवावं, की या सराईत आपल्या कुठल्याही पंगतीत प्लास्टिकचे ग्लास आणि थर्माकोलच्या पत्रावळ्या येणार नाहीत. राज्याची प्लास्टिकबंदी २३ जून २०१८ पासून लागू आहे, तरी मंगल कार्यालयामागचा ढीग बघा. एकट्या वधुपित्याने हे केलं तर ‘खर्च वाचवला’ म्हणून नावं ठेवली जातील. सगळ्या मांडवांनी केलं तर ती रीत होईल. आमच्या रानात पळस काही कमी नाही. पळसाच्या पत्रावळी-द्रोण लावणारे हात अजून आहेत, त्यांना चार पैसे मिळतील.

आणि गावांसाठी नवी यंत्रणा उभी करायची गरज नाही, ग्रामसभेच्या चार तारखा ठरलेल्या आहेत. २ ऑक्टोबरला पावसाचं पाणी मोजून रब्बीत गहू किती आणि हरभरा किती हे ठरवता येतं. गव्हाला पाच-सहा पाणी लागतं, हरभऱ्याचं दोनेकात भागतं. १ मे श्रमदानाचा, चरांतला गाळ काढण्याचा. १५ ऑगस्टला फवारणी ऐन भरात असते, तेव्हा मजुराच्या अंगावर हातमोजे-मास्क आहेत का, हे विचारायचा. आणि २६ जानेवारी फरदडीचा.  तुमच्या गावच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत झेंडावंदनानंतर उठून घरी जाऊ नका. डिसेंबर उलटूनही शिवारात कुणाची कपाशी उभी आहे आणि का, हे एकेकाला आपुलकीने विचारा. कुट्टी यंत्र गावात एकच असेल तर त्याच्या पाळ्या लावा, ज्याला भाडं परवडत नाही त्याचं ग्रामपंचायतीने भरावं. महिनाभरात एकही पऱ्हाटी उभी न ठेवता आणि न जाळता सगळं शिवार मोकळं करण्याचा ठराव त्याच बैठकीत घ्या, आणि पुढच्या २६ जानेवारीला तो पुन्हा वाचून दाखवा.