लोकलमधील श्रवण

मुंबईच्या लोकलमध्ये संगीत ऐकण्याच्या दोन पद्धती दिसतात. एक जुनी. ठरावीक गाडीच्या ठरावीक डब्यात भजनी मंडळ जमते, टाळ निघतात, ढोलकी नसेल तर डब्याच्या पत्र्यावरच ठेका धरला जातो. कल्याण ते सीएसएमटी हे पन्नासहून अधिक किलोमीटर अभंग गाता गाता सरतात. दुसरी पद्धत हेडफोनची. तिथे खेटून उभ्या असलेल्या माणसालाही शेजारी काय ऐकतो आहे ते कळत नाही.

साधकाला यांतली योग्य कोणती? आपल्यापैकी बरेच जण लगेच भजनाच्या बाजूने उत्तर देतील. मला ते इतके सोपे वाटत नाही. डोळे मिटता येतात, कानाला पापणी नसते. त्याच डब्यात रात्रपाळी संपवून घरी निघालेला कामगार असतो, परीक्षेची उजळणी करणारा विद्यार्थी असतो. वाणिज्य शाखेत आम्हाला शिकवतात की काही व्यवहारांची किंमत व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याच माणसाला मोजावी लागते. कारखान्याचा धूर हे त्याचे नेहमीचे उदाहरण. (भजनी मंडळींनी रागावू नये!) आनंद आपला आणि त्रास दुसऱ्याचा असेल, तर गाण्यात देवाचे नाव आहे म्हणून हिशेब बदलत नाही.

मग हेडफोन निर्दोष म्हणायचा का? १९७९ मध्ये सोनीने पहिला वॉकमन आणला, तेव्हा त्यात दोन हेडफोन लावायची सोय होती. कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, अकिओ मोरिता, यांना एकट्यानेच संगीत ऐकणे असभ्यपणाचे वाटले होते. त्यावर एक नारिंगी बटणही होते. ते दाबले की संगीत हळू होई आणि दोघांना एकमेकांशी बोलता येई. पुढे ही सोय गेली. यंत्र बनवणाऱ्याला आलेली शंका आज आपल्या मनात येतही नाही.

अनुवाद करताना ‘ऐकणे’ या शब्दाशी मी नेहमी अडखळते. ‘तो आईचे ऐकतो’ असे आपण म्हणतो, तेव्हा तिचा आवाज त्याच्या कानावर पडतो एवढाच अर्थ नसतो. तिच्या शब्दासाठी तो स्वतःचे मन थोडे बाजूला ठेवतो. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आहे, दासबोधाचा चौथा दशक तिथूनच सुरू होतो. कीर्तनात बसलेल्या श्रोत्याला न पटलेले, न आवडलेलेही ऐकावे लागते. हेडफोनमध्ये मात्र अभंग आवडला नाही तर बोटाने पुढचा. सगळे आपल्याच आवडीचे असेल, तर आपण नेमके कोणाचे ऐकत असतो?

तरीही, चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्या, घरी आणि कामावर दिवसभर दुसऱ्यांचेच ऐकणाऱ्या ताईंना ‘हेडफोन काढा’ असे सांगायचा अधिकार कोणालाही नाही. दिवसातला तेवढा एकच तास त्यांचा एकांत असतो, आणि एकांतही साधनेला लागतोच.

मला कसोटी वेगळी वाटते. कोणी आजी ‘बाळा, दादर कोणत्या बाजूला येईल गं?’ असे विचारतात, त्या क्षणी मनात काय उमटते? कपाळावर आठी आली, तर तासभर कानात चाललेले नामस्मरण कुठे गेले?

मी सध्या डावा कान रिकामा ठेवते. ठाण्याला टिकल्या-पिना विकणाऱ्या मावशी चढल्या की त्यांची हाक आणि अभंग एकमेकांत मिसळतात, आणि दोन्हींतले काहीच धड ऐकू येत नाही, हेही खरे.